२५५ की २५५यू? सिस्टिम हेडरमधल्या मॅक्रोंचा टाइप

प्रश्न थोडक्यात असा. नव्या बोर्डासाठी सी भाषेची छोटी लायब्ररी उभी करायची आहे, आणि स्टँडर्ड हेडर फाइलीही स्वतःच लिहायच्या आहेत. मॅक्रो म्हणजे कंपाइल करताना ज्याच्या जागी ठरलेला मजकूर येतो असं नाव. ‘यूइंट८_मॅक्स’ हा मॅक्रो यूइंट८_टी या ८ बिटांच्या अनसाइन्ड, म्हणजे ऋण किंमत नसलेल्या, टाइपची कमाल किंमत सांगतो. त्याची व्याख्या तुमच्या सहकाऱ्याने २५५यू अशी केली (यू हा अनसाइन्डचा प्रत्यय), तुम्ही ((यूइंट८_टी)२५५) अशी, म्हणजे कास्ट करून, टाइप बदलून. किंमत दोन्हीकडे २५५च आहे. मग बरोबर कोणाचं, आणि त्याने प्रत्यक्षात काही बिघडतं का?

दोन्ही व्याख्या चूक आहेत आणि दोन्हींनी बिघडतं, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. बरोबर व्याख्या म्हणजे नुसतं २५५.

सी९९ने, म्हणजे १९९९ च्या मानकाने, या मर्यादा सांगणाऱ्या मॅक्रोंवर दोन अटी घातल्या. पहिली, मॅक्रो ‘#इफ’च्या ओळीत, म्हणजे कंपाइल होण्याआधी तपासल्या जाणाऱ्या अटीत, वापरता आला पाहिजे. दुसरी, त्या टाइपचं एखादं व्हेरिएबल एक्स्प्रेशनमध्ये ठेवल्यावर इंटिजर प्रमोशन होऊन जो टाइप मिळेल, तोच मॅक्रोचा टाइप हवा. यूइंट८_टीचं व्हेरिएबल बेरजेत, वजाबाकीत किंवा तुलनेत उतरलं की त्याचं ‘इंट’ होतं, कारण ० ते २५५ मधली प्रत्येक किंमत इंटमध्ये मावते. म्हणून मॅक्रोही इंट. अनसाइन्ड गोष्टीची कमाल मर्यादा साइन्ड कशी, हे पहिल्यांदा वाचताना खटकतं. मलाही खटकलं होतं. पण नियमाचा हेतू सरळ आहे: व्हेरिएबलच्या जागी मॅक्रो ठेवला किंवा मॅक्रोच्या जागी व्हेरिएबल ठेवलं, तरी हिशोब बदलता कामा नये.

सहकाऱ्याच्या २५५यूने तो कसा बदलतो ते बघा. तापमान इंटमध्ये आहे, किंमत −१, आणि कोड विचारतो, तापमान < यूइंट८_मॅक्स आहे का? तुलनेत एक बाजू अनसाइन्ड इंट असली की दुसरीही अनसाइन्ड होते. ३२ बिटांच्या इंटवर −१ चे ४२९४९६७२९५ होतात आणि उत्तर येतं ‘नाही’. नुसतं २५५ असतं तर उत्तर ‘हो’ आलं असतं. बहुतेक कंपायलर इथे सूचना (वॉर्निंग) देऊ शकतात, पण साइन्ड-अनसाइन्ड तुलनेची सूचना सी प्रकल्पांत अनेकदा बंदच ठेवलेली असते.

तुमच्या कास्टवाल्या व्याख्येत हा धोका नाही, कारण एक्स्प्रेशनमध्ये तिचं प्रमोशन होऊन इंटच होतो. ती मोडते ‘#इफ’मध्ये. तिथे काम प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइल होण्याआधी मॅक्रो उलगडणारा टप्पा, करत असतो, आणि त्याला टाइप नावाची गोष्टच माहीत नाही. मॅक्रो उलगडून झाल्यावर जे नाव ओळखता येत नाही, त्या जागी तो ० ठेवतो. म्हणजे तुमची व्याख्या त्याला ((०)२५५) अशी दिसते. हे व्याकरणातच बसत नाही, म्हणून एरर येते. एरर आली हे तुमचं नशीब म्हणायचं, कारण याच्याच जातीची एक व्याख्या काहीच न बोलता चुकीचं उत्तर देते. मी ती अनेक खाजगी लायब्रऱ्यांत पाहिली आहे (साइझ_टी हा आकार मोजण्याचा अनसाइन्ड टाइप):

#डिफाइन साइझ_मॅक्स ((साइझ_टी)-१)

सी कोडमध्ये ती अगदी बरोबर चालते. किंमत बरोबर, टाइपही बरोबर. पण ‘#इफ साइझ_मॅक्स > ६५५३५’ असं लिहिलं की साइझ_टीच्या जागी ० येतो आणि कास्ट असलेल्या एक्स्प्रेशनचं ((०)-१) होतं. कास्टनंतरचं ऋणचिन्ह आता वजाबाकीचं चिन्ह झालं. व्याकरण शुद्ध, किंमत −१. अट खोटी ठरते, मोठ्या मेमरीसाठी लिहिलेला भाग मुकाट्याने वगळला जातो आणि कंपायलर एक अक्षर बोलत नाही. मर्यादांच्या मॅक्रोत कास्ट कधीच घालायचा नाही असं मी म्हणते ते यामुळेच. तिथे टाइप ठरवायचा तो अंकाच्या प्रत्ययाने, यू, एल, यूएल वगैरे, किंवा अंकांच्या अशा मांडणीने की टाइप आपोआप बरोबर यावा.

मांडणीचं सर्वांत जुनं उदाहरण ‘इंट_मिन’, म्हणजे इंटची किमान किंमत. ३२ बिटांच्या इंटसाठी चांगल्या हेडरांत (-२१४७४८३६४७ - १) असं लिहिलेलं असतं. नवशिक्यांना वाटतं, लेखकाने उगाच वळसा घेतला. पण सीमध्ये ऋण स्थिरांक नसतात. −२१४७४८३६४८ लिहिलं तर कंपायलर आधी २१४७४८३६४८ वाचतो, त्याचा टाइप ठरवतो आणि मग ऋण करतो. ती संख्या इंटमध्ये मावत नाही. आज ६४ बिटांच्या लिनक्सवर ती लाँग होते, म्हणजे ‘इंट_मिन’चा टाइप इंट राहत नाही आणि प्रिंटएफला इंट म्हणून दिला की तक्रार येते. सी९० मध्ये, लाँगही ३२ बिटांचा असताना, प्रकरण याहून वाईट होतं. दशमान स्थिरांक लाँगमध्येही मावला नाही की त्या नियमांनुसार तो अनसाइन्ड लाँग व्हायचा. अनसाइन्ड संख्या ऋण केली तरी अनसाइन्डच राहते. म्हणजे सर्वांत लहान इंट शून्यापेक्षा मोठा!

दुसरी मांडणी मला फार आवडते. जीलिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, ‘डब्ल्यूचार_मॅक्स’साठी (रुंद अक्षराच्या डब्ल्यूचार_टी या टाइपची कमाल किंमत) एक पर्यायी व्याख्या आहे, कंपायलरने स्वतःहून किंमत पुरवली नाही तर वापरायची. तिथे कमाल संख्या लिहून तिच्यात रुंद अक्षराचा शून्य, म्हणजे एल'\०', मिळवलेला आहे. शून्य मिळवून किंमत बदलत नाही, पण बेरजेचा टाइप रुंद अक्षराच्या टाइपकडे झुकतो. कास्ट नसल्यामुळे प्रीप्रोसेसरलाही ती व्याख्या चालते. डब्ल्यूचार_टी साइन्ड आहे की अनसाइन्ड हेसुद्धा तिथे तशाच युक्तीने ओळखलं आहे: त्या शून्यातून १ वजा करून उत्तर शून्यापेक्षा मोठं येतं का ते ‘#इफ’मध्ये पाहायचं.

आकार सारखा म्हणजे टाइप सारखा, हा समज इथे लगेच सोडून द्या. ६४ बिटांच्या लिनक्सवर इंट६४_टी हा लाँग असतो, मॅकओएसवर लाँग लाँग. दोन्ही ८ बाइटचे आणि तरीही वेगळे टाइप. अंकाला योग्य प्रत्यय जोडणाऱ्या ‘इंट६४_सी’ मॅक्रोने एका ठिकाणी एल प्रत्यय लावायचा आणि दुसऱ्या ठिकाणी एलएल. त्याच कुटुंबातल्या ‘यूइंट८_सी’बाबत तर मानकच आधी घसरलं होतं. मूळ सी९९ मजकुरात त्याचा टाइप प्रमोशनआधीचा मागितला होता, आणि इंटहून लहान टाइपचा स्थिरांक लिहिण्याची सोय सीमध्ये नाहीच. पुढच्या दुरुस्तीत तिथेही प्रमोशननंतरचा टाइप आला. कुठे जुन्या हेडरमध्ये यूइंट८_सीला यू प्रत्यय लावलेला दिसला तर तो नव्या हेडरमध्ये उचलू नका.

आतापर्यंतचं सगळं स्थिरांकांबद्दल झालं. फंक्शनसारख्या मॅक्रोंमध्ये याहून खोल पाणी आहे, आणि तिथलं एक प्रकरण आपल्या लिपीशी थेट जोडलेलं आहे.

‘इझअल्फा’, ‘इझस्पेस’ ही अक्षराचा प्रकार ओळखणारी मंडळी इंट घेतात, आणि तो इंट एकतर अनसाइन्ड चारमध्ये (चार म्हणजे सीचा एका बाइटचा अक्षर-टाइप, ४ हा आकडा नव्हे) मावणारा हवा किंवा ‘ईओएफ’, म्हणजे फाइल संपल्याची खूण (बहुधा −१), हवा. आतली अंमलबजावणी म्हणजे बहुधा एक तक्ता. अक्षराची किंमत हाच क्रमांक, त्या घरातले बिट म्हणजे उत्तर. आता नुसता ‘चार’ साइन्ड की अनसाइन्ड हे मानक ठरवत नाही. एक्स८६ वर तो साधारणपणे साइन्ड असतो, एआरएमच्या लिनक्सवर अनसाइन्ड. इंग्रजी मजकुराला फरक पडत नाही, कारण त्याचे सगळे बाइट १२८ च्या खाली असतात. देवनागरीचं तसं नाही. यूटीएफ-८ मध्ये ‘म’चे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. साइन्ड चारमध्ये तेच होतात −३२, −९२, −८२. तक्त्याचं −९२ वं घर म्हणजे तक्त्याच्या आधीची कुठलीतरी मेमरी.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. मी काम करत होते तिथे एका उपकरणावर गावांची नावं मराठीत दाखवायची होती. उपकरण एआरएमचं, आणि रोजच्या चाचणीसाठी तोच कोड पीसीवर चालवत असू, एका छोट्या सी लायब्ररीबरोबर. उपकरणावर सगळं ठीक. पीसीवर काही गावांचं शेवटचं अक्षर जाऊन तिथे चौकोन यायचा. ‘महाड’मधला ‘ड’ गेला, ‘पेण’ शाबूत. पुढच्या बिल्डला ‘महाड’ नीट आणि तिसरंच गाव तुटलेलं. आम्ही तीन दिवस फॉन्ट तपासत बसलो. शेवटी सापडलं ते असं: नावाच्या शेवटी असलेल्या मोकळ्या जागा छाटणारं एक फंक्शन इझस्पेसला थेट चार देत होतं. ‘ड’चा शेवटचा बाइट १६१, पीसीवर −९५. तक्त्यात २५७ घरं होती, ईओएफ धरून. −९५ व्या जागी दुसऱ्याच व्हेरिएबलचे बाइट होते, आणि त्यात नेमका ‘मोकळी जागा’वाला बिट लागलेला असला की अक्षराचा शेवटचा तुकडा छाटला जायचा. बिल्ड बदलला की मेमरीतली मांडणी बदलायची आणि गाव बदलायचं. चूक वापरणाऱ्याचीच होती. अनसाइन्ड चारचा कास्ट करून मग इझस्पेसला द्यायला हवं होतं. पण हेडर लिहिणाऱ्याच्या हातात त्याला सावध करणं होतं.

या ठिकाणी वेगवेगळ्या लायब्रऱ्यांनी वेगवेगळे निर्णय घेतले आहेत, आणि तुम्हालाही तो घ्यावा लागेल. जीलिबसीचा तक्ता ३८४ घरांचा आहे, −१२८ पासून २५५ पर्यंत, म्हणजे ऋण चार आला तरी प्रोग्राम भलत्या मेमरीत जात नाही. शिवाय मॅक्रोच्या आत (इंट)(सी) असा कास्ट आहे. तो टाइपच्या दृष्टीने योग्यच आहे, कारण खऱ्या फंक्शनला कोणी डबल (दशांश संख्येचा टाइप) दिला तरी प्रोटोटाइपमुळे, म्हणजे फंक्शनच्या आधीच्या घोषणेमुळे, त्याचा इंट होतो, आणि मॅक्रोनेही तसंच वागलं पाहिजे. कास्ट नसेल तर डबल क्रमांक म्हणून वापरला जाईल आणि एरर येईल. पण त्याच कास्टने ‘ॲरेचा क्रमांक चार टाइपचा आहे’ ही कंपायलरची सूचना गिळून टाकली जाते.

न्यूलिबने, म्हणजे छोट्या उपकरणांसाठीच्या सी लायब्ररीने, उलटा मार्ग धरला. त्यांच्या मॅक्रोत तक्त्याच्या सुरुवातीत साइझऑफ(""[सी]) मिळवलं आहे. रिकाम्या स्ट्रिंगचं सी क्रमांकाचं अक्षर. त्याचा आकार नेहमी १, आणि तक्त्याचं पहिलं घर ईओएफचं असल्यामुळे हा १ तसाही मिळवायचाच होता. साइझऑफच्या आतलं एक्स्प्रेशन चालवलं जात नाही, म्हणून सी दोनदा मोजला जाण्याची भीती नाही. पण कंपायलर ते वाचतो, आणि सी चार असेल तर सूचना देतो. मानक काटेकोरपणे लावलं तर या मॅक्रोला डबल दिलेला चालणार नाही, जो फंक्शनला चालला असता. तरीही तुमच्या जागी मी न्यूलिबचीच पद्धत घेईन. इझस्पेसला डबल देणारा प्रोग्राम मी आजवर पाहिलेला नाही. चार देणारे शेकडो पाहिले आहेत. आणि तुमच्या बोर्डावर उद्या कोणीतरी मराठी, हिंदी किंवा कोकणी मजकूर टाकणारच. जमलं तर तक्ताही ३८४ घरांचा ठेवा, १२७ जास्तीची घरं एवढाच खर्च. बाइट २५५ साइन्ड चारमध्ये −१ होतो आणि ईओएफशी त्याची गल्लत होते, ती मात्र कुठल्याही तक्त्याने सुटत नाही. यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कधी येतच नाही, म्हणून आपल्याला ती सहसा भोवत नाही.

मॅक्रोतून परत येणाऱ्या किमतीचा टाइपही तितकाच सांभाळावा लागतो. ‘एफडी_इझसेट’ घ्या, एखाद्या सॉकेटचा क्रमांक संचात आहे का हे सांगणारा मॅक्रो. आत लाँगची रांग असते, तिच्यातला एक बिट मास्कने, म्हणजे फक्त त्या बिटाच्या जागी १ असलेल्या संख्येने, तपासायचा. मॅक्रो जर ‘शब्द & मास्क’ एवढाच असेल तर त्याचा टाइप लाँग होतो. इफमध्ये वापरला तर चालतो. पण कोणी ‘इंट तयार = एफडी_इझसेट(४०, &संच)’ लिहिलं, तर ६४ बिटांच्या लाँगमधला ४० वा बिट इंटमध्ये शिरताना गळून पडतो आणि तयार असलेलं सॉकेट तयार नाही असं दिसतं. ३१ व्या क्रमांकापर्यंत सगळं सुरळीत, म्हणून हा दोष सापडतो तो कामाचा ताण वाढल्यावर. जीलिबसीच्या व्याख्येत शेवटी ‘!= ०’ आहे, त्यामुळे उत्तर इंट आणि ० किंवा १. याच्या उलट, लिनक्सच्या पीसीवर ‘इझडिजिट’ २०४८ परत देतं. टाइप इंटच आहे आणि मानकाने फक्त ‘शून्य नसलेली किंमत’ एवढंच वचन दिलं आहे. ती ८ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून ० झाली, तर दोष हेडरला देता येणार नाही.

‘एचटीओएनएल’सारख्या बाइटक्रम बदलणाऱ्या मॅक्रोंमध्ये वेगळाच मोह असतो. मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या प्रोसेसरवर बदलायचं काहीच नसतं, म्हणून व्याख्या नुसती (एक्स) करून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं केलं की मॅक्रोचा टाइप एक्सचाच राहतो: लाँग दिला तर लाँग, चार दिला तर चार. तोच कोड दुसऱ्या प्रोसेसरवर यूइंट३२_टी देतो. जीलिबसीने यासाठी काहीही न करणारी छोटी इनलाइन फंक्शनं ठेवली आहेत. यूइंट३२_टी घ्यायचा आणि तोच परत द्यायचा. कामच टाइप बरोबर करण्याचं. तुम्हीही तसंच करा.

बोर्डाच्या रजिस्टरांसाठी मास्क लिहाल तेव्हा मात्र माझ्या वरच्या ‘प्रत्यय लावा’ या सल्ल्याला जरा जपून घ्या. १६यू असा फ्लॅग आणि ६४ बिटांचं व्हेरिएबल घेऊन ‘व्हेरिएबल & ~फ्लॅग’ लिहिलं, तर ~१६यू म्हणजे ३२ बिटांतला ४२९४९६७२७९. तो ६४ बिटांत रुंद होताना वर शून्यं भरली जातात, आणि एक बिट पुसायला गेलात तिथे वरचे सगळे ३२ पुसले जातात. नुसता १६ असता तर ~१६ म्हणजे −१७, तो रुंद होताना वर एक भरले गेले असते आणि हेतू साधला असता. लिनक्स कर्नलमध्ये ३२ बिटांच्या एक्स८६ वर भौतिक पत्ते ३२ बिटांहून मोठे असू शकतात, तिथे पानाच्या मास्कवर मुद्दाम साइन्डचा कास्ट केला आहे आणि कारण टिपणात लिहिलं आहे. मात्र ३१ वा बिट १ << ३१ असा लिहू नका, साइन्ड इंटमध्ये ते मानकाबाहेर जातं; तिथे १यूच हवा. म्हणून ज्या रजिस्टरचा मास्क आहे त्याच्याच रुंदीचा टाइप मास्कला द्यायचा, हा माझा नियम. हेच हेडर असेंब्लीतूनही वाचलं जाणार असेल तर असेंबलरला यूएल प्रत्यय कळत नाही. कर्नलमध्ये त्यासाठी सीमध्ये प्रत्यय जोडणारा आणि असेंब्लीत गाळणारा ‘_एसी’ मॅक्रो आहे, तो पाहून घ्या.

‘नल’बद्दल, म्हणजे कशाकडेच बोट न दाखवणाऱ्या पॉइंटरबद्दल, थोडक्यात: ((व्हॉइड *)०) लिहा. सीचं मानक नुसता ०ही चालवून घेतं, पण एक्झेकएलसारख्या कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनच्या शेवटी तो ० साधा इंट म्हणून जातो, आणि पलीकडे ६४ बिटांचा पॉइंटर वाचला जातो. पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाने, २००८ च्या आवृत्तीपासून कास्टवाली व्याख्याच सक्तीची केली आहे. इथे कास्ट योग्य आहे, कारण ‘नल’ ‘#इफ’मध्ये वापरायचं वचन कोणी दिलेलं नाही.

तपासणी डोळ्यांनी करू नका. सी११ पासून टाइपची परीक्षा कंपायलरकडूनच घेता येते. जीसीसी किंवा क्लँगमध्ये प्रत्येक मॅक्रोसाठी अशी एक ओळ लिहा:

_स्टॅटिक_असर्ट(_जेनेरिक(यूइंट८_मॅक्स, __टाइपऑफ__(+(यूइंट८_टी)०): १, डिफॉल्ट: ०), "टाइप चुकला");

यातलं एकटं अधिक चिन्ह महत्त्वाचं आहे. त्यानेच इंटिजर प्रमोशन होतं, म्हणून अपेक्षित टाइप तुम्हाला हाताने लिहावा लागत नाही. ही ओळ सहकाऱ्याची व्याख्याही नापास करते आणि तुमचीही. ‘#इफ’ची परीक्षा वेगळी घ्या: साइझ_मॅक्स < १ असेल तर #एरर. कास्टवाली व्याख्या तिथे −१ होऊन लगेच पकडली जाते. आणि चाचणीच्या बिल्डमध्ये सिस्टिम हेडरांतल्या सूचना दाखवणारा पर्याय चालू करा, कारण जीसीसी आणि क्लँग त्या फाइलींतल्या बहुतेक सूचना एरवी दडपून ठेवतात. तुमची हेडर फाइल एकदा सिस्टिमच्या फोल्डरमध्ये गेली की तिच्यातला दोष वापरणाऱ्याला दिसणारच नाही.

मर्यादांच्या किमती तर शक्यतो स्वतः लिहूच नका. दोन्ही कंपायलर __यूइंट८_मॅक्स__, __साइझ_मॅक्स__ अशी तयार मॅक्रो पुरवतात, बरोबर टाइपसकट, आणि तुमच्या मॅक्रोने फक्त त्यांच्याकडे बोट दाखवायचं. याचा फायदा पाहायचा असेल तर चाचणीची फाइल एकदा एव्हीआर या छोट्या ८ बिटांच्या प्रोसेसरसाठी कंपाइल करून बघा. तिथे इंट १६ बिटांचा आहे, ६५५३५ त्यात मावत नाही, म्हणून ‘यूइंट१६_मॅक्स’चा टाइप तिथे अनसाइन्ड इंट हवा. तुमच्या ३२ बिटांच्या बोर्डावर मात्र त्याच मॅक्रोचा टाइप साधा इंट.